एक्केचाळिसावं कलम

“लिहून ठेवलेली राज्यघटना टिकते, की न लिहिलेली? एवढंच सांगा, बुवा.”

उदासबुवा मठीच्या ओसरीवर सूप घेऊन कुळीथ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

निळकंठशास्त्री उत्तराची वाट बघत उभा राहिला. कोंडगडच्या पाच न्यायाधीशांपैकी तो एक. कोंडगडची घटना त्यानेच लिहिली होती; सहा वर्षं खपून, दोनशे बारा कलमं. तरुणपणी याच ओसरीवर तो बुवांपाशी न्यायशास्त्र शिकला होता. आज त्याने त्या घटनेची एक प्रत आणली होती, लाल कातड्यात बांधलेली. ती त्याने बुवांच्या पायांशी ठेवली.

बुवांनी ती उचलली, दोन्ही हातांनी तोलली आणि खाली ठेवली.

“बस,” ते म्हणाले.

निळकंठ बसला आणि बोलू लागला. शेजारच्या नांदरखोऱ्यात तीनशे वर्षं कागदाचा एक चिटोरा नव्हता. राजाने काय करायचं, काय नाही, हे सगळं माणसांच्या तोंडी. रीत म्हणायचे तिला. एक राजा असा निघाला की त्याने ती रीत एका सकाळी मोडली, आणि कुणाला काही दाखवता आलं नाही. कारण दाखवायला काही नव्हतंच. आता तिथले लोक निळकंठला बोलावत होते, आमचीही घटना लिहून द्या म्हणून; तो तिकडेच निघाला होता. कोंडगडच्या महाराजांनी स्वतः त्याला रजा दिली होती. पंधरा दिवस सावकाश जाऊन या, म्हणाले होते.

“सावकाश म्हणाले?” बुवांनी विचारलं.

“हो.”

बुवांनी एक खडा वेचून अंगणात टाकला.

“तुझ्या गावात अकरा माणसं कोठडीत आहेत म्हणतात.”

ही बातमी डोंगरावर पोचली असेल, असं निळकंठला वाटलं नव्हतं.

मग त्याने सांगितलं. महाराजांनी बाजारात सभा घ्यायला बंदी केली होती. तरी या अकरा जणांनी चौकात उभं राहून घटनेतलं एक कलम मोठ्याने वाचलं. वाचणारा होता यशोधर लेखनिक. ज्याच्या हातून घटनेची पहिली स्वच्छ प्रत उतरली तो. त्रेसष्टाव्या कलमात संकटकाळाची तरतूद होती. त्या कलमाखाली त्यांना धरलं. फाशी उद्या, सूर्य मावळताना.

“त्रेसष्टावं कलम कुणी लिहिलं?”

“मीच. अर्ध्या ओळीचं आहे. परचक्र आलं तर असावं म्हणून…”

“आणि चौकात वाचलं ते?”

“एक्केचाळिसावं.”

“वाच.”

निळकंठने पुस्तक उघडलं नाही. ते कलम त्याला पाठ होतं, आणि म्हणताना त्याचा आवाज आपोआप चढला. राजाने बंदीत टाकलेला कोणीही मनुष्य, कोणत्याही एका न्यायाधीशाने मागितल्यास, त्याच दिवशी न्यायासनासमोर उभा केला पाहिजे, आणि न्याय होईपर्यंत त्याच्या जिवाला हात लावता कामा नये. संकटकाळातही.

“चांगलं लिहिलंयस,” बुवा म्हणाले. “मग कुणी मागितलं?”

निळकंठने पुस्तक बुवांच्या पायांशी सरळ करून ठेवलं.

“पाच जण आहात ना?”

निळकंठने हळूहळू सांगितलं. एकाला ताप भरला होता. एक भाचीच्या लग्नाला गेला. दोघांनी आपल्यापुढे अजून कागद आलेला नाही, असं कळवलं.

“आणि पाचवा?”

निळकंठला महाराजांचं हसू आठवलं. निरोप देताना त्यांनी त्याच्या दोन्ही मुलींची नावं घेऊन चौकशी केली होती. आवाज फार मऊ होता.

“माझ्या घरी लेकी आहेत, बुवा,” तो शेवटी म्हणाला.

बुवांनी मान हलवली. रागावले नाहीत. ते रागावले असते तर निळकंठला बरं वाटलं असतं.

तो चिडला. म्हणाला, आमच्याकडे निदान कलम तरी आहे. उद्या ते मेले तरी अन्याय कुठे झाला हे पुढच्यांना बोट ठेवून दाखवता येईल. नांदरखोऱ्यात काय होतं? नुसता भरवसा. तुम्ही तिकडचेच ना? मग सांगा, काय होतं तुमच्याकडे?

बुवांनी सूप बाजूला सारलं.

“उंबरा होता,” ते म्हणाले.

नांदरखोऱ्यात चाळीस पंचांची सभा होती. राजाने सभेत येताना तलवार उंबऱ्याबाहेर ठेवायची, ही रीत. ठेवली नाही तर पंचांपैकी कुणीही एकाने नुसतं उठून उभं राहायचं. बोलायचंही नाही. एक माणूस उभा राहिला की त्या दिवसाची सभा मोडली, आणि मोडल्या सभेत राजाला हुकूम काढता येत नसे. तीनशे वर्षांत उभं राहायची वेळ दोनदा आली होती. दोन्ही वेळा राजे परत फिरले होते.

“तिसऱ्यांदा तो तलवारीसकट आत आला,” बुवा म्हणाले. “बसला. डोंगराकडच्या तीन वाड्या जाळायचा हुकूम दिला. दुपारी सभेतूनच धूर दिसला.”

“आणि चाळीस जण?”

“बसलेले.”

“एकही उठला नाही?”

“प्रत्येकाला वाटलं, शेजारचा उठेल.”

“तुम्हाला कुणी सांगितलं हे?”

बुवा त्याच्याकडे बघत राहिले…

निळकंठला कळायला थोडा वेळ लागला. बुवा तिकडचे, एवढंच त्याला ठाऊक होतं. तिथे ते कोण होते, हे इतक्या वर्षांत त्याने विचारलं नव्हतं. तीन वाड्यांत माणसं किती होती, हे विचारायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

बुवा उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. अंगणात जाऊन त्यांनी निळकंठच्या घोड्यावर खोगीर चढवलं, तंग ओढून घट्ट केला आणि लगाम हातात धरून उभे राहिले. तोंडाने जा म्हणाले नाहीत.

ऊन डोंगराच्या खांद्यावर आलं होतं. कोंडगड दीड दिवसाची वाट. न थांबता गेलं तर कदाचित उद्या तिसऱ्या प्रहरी पोचता आलं असतं.

निळकंठने पुस्तक उचललं. मग परत ओसरीवर ठेवलं. घोड्यावर बसल्यावर लगाम घेताना त्याने खाली वाकून विचारलं, अगदी हळू, पूर्वी शिकायला बसायचा तेव्हाच्या आवाजात.

“बुवा, मी एकटा उभा राहिलो तर… बाकीचे उठतील?”

“मला ठाऊक नाही,” उदासबुवा म्हणाले. “मी उठलोच नव्हतो.”