नावाडीण आणि एकाच काठाचं पाणी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की नदीवर पूल बांधतात हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. डोंगरातून उतरून समुद्राला जाणाऱ्या एका नदीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावाच्या घाटावर एक नावाडीण होती.

नावाडिणीचं काम म्हणजे पोरखेळ नाही बरं का. अलीकडची माणसं पलीकडे न्यायची, पलीकडची अलीकडे आणायची. वऱ्हाड असो, कुंभाराची मडकी असोत, नाहीतर कुणाच्या हट्टी शेळ्या असोत, हिच्या नावेत बसलं की जो तो निर्धास्त. मधल्या काळ्या खडकापाशी भोवरा पडायचा. तिथे भल्याभल्यांची बोबडी वळायची. ही मात्र पदर खोचून, एखाद्याची चेष्टा करत करत नाव अलगद बाजूने काढायची. नवरा घरी जाळी विणायचा. स्वभावाने गरीब आणि हाताचा गोड. त्याच्या हातच्या कालवणाची चव गावात कुणाच्या हाताला नव्हती.

यथावकाश नावाडिणीला मुलगी झाली. सव्वा महिना झाला नि बाई पुन्हा नावेत. नावेवरच्या बांबूच्या कमानीला झोळी बांधली, झोळीत लेक. एका हाताने वल्हं, मधूनच दुसऱ्या हाताने झोका. बघणारे म्हणायचे, कमाल आहे हो बाईची! तिलाही ते ऐकायला आवडायचं. कुणाला नाही आवडणार?

पण तिच्या मनात एक गोष्ट होती. खालच्या अंगाहून एक मीठवाला यायचा. त्याला ती हमखास विचारायची, समुद्र केवढा असतो रे? तो म्हणायचा, बाई, त्याला काठ एकच, दुसरा नाहीच. नावाडीण विचारात पडायची. जन्मभर तिने एका काठावरून दुसऱ्या काठावर जाण्याशिवाय केलं काय होतं? एकच काठ असलेलं पाणी असतं तरी कसं? ते एकदा डोळ्यांनी बघावं, या विचाराने तिचा जीव नुसता आसुसायचा.

आणि बघायची सोयही होती. त्या नदीवर एक रीतच होती. पावसाळ्यात पूर यायचा आणि पूर ओसरला की नदी आपलं पात्र बदलून बसायची. जिथे डोह होता तिथे गाळ, जिथे गाळ होता तिथे डोह. म्हणून दसरा झाला की वरच्या घाटावरून एक मोठी नाव निघायची. वाटेतल्या प्रत्येक घाटावरून वल्हं चालवणारं एक माणूस घ्यायची आणि नवं पात्र बघत बघत थेट समुद्रापर्यंत जायची. तिथे खाऱ्या पाण्यात हात बुडवायचे आणि पंधरवड्याने परत यायचं. परत आलेल्या माणसाने मग आपल्या घाटावर ज्याला हवं त्याला नाव चालवायला शिकवायचं. समुद्रात हात बुडवून आलेल्यानेच दुसऱ्याच्या हाती वल्हं द्यायचं, हा नेम. आपलीच नदी ज्याने शेवटपर्यंत पाहिली नाही तो दुसऱ्याला काय शिकवणार, असं जुन्या लोकांचं म्हणणं.

शेजारची एक तरुण सून नावाडिणीच्या मागे लागली होती, मला शिकव ना गं. नावाडीण म्हणायची, यंदा जाऊन येते, मग तुलाच पहिली शिकवते. पण ते 'यंदा' काही उजाडत नव्हतं. आधी लग्न, मग बाळंतपण, मग अंगावर पिणारं मूल. मोठ्या नावेची म्हातारी तांडेलीण दर वर्षी घाटाला नाव लावायची आणि विचारायची, "येतेस का गं यंदा?" नावाडीण मान हलवायची, नाव पुढे जायची. आणि ती कारणं खरीच होती, त्यात तिचा काही दोष नव्हता.

लेक चार वर्षांची झाली तेव्हा नवराच म्हणाला, आता तू जाऊन ये. त्याला वल्हं मारता यायचं. तिच्याइतकं सफाईदार नाही, पण नाव बुडवण्याइतकं वाईटही नाही. तो नावेवर असेल तेव्हा पोरीला शेजारीण बघणार होती. सगळं ठरलं. नावाडिणीने वाटेसाठी दशम्या बांधल्या, नवं लुगडं नेसली आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या नावेत पाय ठेवला.

तिने मागे वळून पाहिलं. लेक ओल्या वाळूत बापाबरोबर विहिरी खणत होती. आता ही रडणार, हे नावाडिणीने धरूनच ठेवलं होतं. काय बोलून समजूत घालायची तेही मनाशी घोळवून ठेवलं होतं. लेकीने मान वर केली, वाळूने भरलेला हात हलवला, खुदकन हसली आणि पुन्हा खणायला लागली.

नावाडिणीच्या मनाला ते लागलं. म्हणजे माझ्यावाचून हिचं काहीच अडत नाही? आणि घाटाचंही अडणार नाही? मी पंधरा दिवस नसले तरी नाव चालणार, चूल पेटणार, पोर हसणार? शहाणी बाई असती तर सुखावली असती. पण माणसाचं मन मोठं चमत्कारिक असतं. ती तशीच नावेतून खाली उतरली.

"काय झालं गं?" तांडेलिणीने विचारलं.

"पोर रडतेय. माझा पाय निघत नाही."

म्हातारीने वाळूत हसणाऱ्या पोरीकडे पाहिलं, मग हिच्याकडे पाहिलं. बरं म्हणाली आणि नाव लोटली.

नवऱ्याला आश्चर्य वाटलं. रडली? कधी? त्याने हसतच विचारलं. नावाडिणीने असे डोळे वटारले, की बिचाऱ्याने तो विषय पुन्हा काढला नाही. काढायला हवा होता, असं आपलं मला वाटतं. घरातली शांतता राखण्याच्या नादात भल्या माणसांनी काय काय गिळलेलं असतं!

गावाला मात्र ही गोष्ट फार आवडली. आई असावी तर अशी, बायका म्हणाल्या. समुद्राला पाठ दाखवली पण लेकराला नाही. नावाडीणही मग ती गोष्ट सांगायला लागली आणि दर वर्षी लेकीच्या रडण्यात थोडी थोडी भर पडत गेली. आधी ती नुसती रडली होती, पुढे हंबरडा फोडू लागली, त्याच्याही पुढे पाण्यात धावत आली. सांगता सांगता नावाडिणीचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला. लेकीला तर काय, आठवायचं वयच नव्हतं. लोक तिचा गालगुच्चा घेऊन म्हणायचे, तुझ्यापायी हो आईचा समुद्र राहिला!

वर्षं गेली. मोठी नाव यायची, जायची. लेक दहाची झाली, पंधराची झाली, तरी नावाडीण गेली नाही. ज्या कारणाने एवढं कौतुक झालं ते कारण सोडायचं कसं? शिकव म्हणणारी ती शेजारीण वाट बघून कंटाळली. बिऱ्हाड उचलून वरच्या घाटाला गेली, तिथे शिकली, समुद्र पाहून आली आणि कितीतरी पोरीबाळींच्या हाती तिने वल्हं दिलं. नावाडिणीच्या घाटावर मात्र तिच्याशिवाय नाव चालवणारं कुणी तयार झालं नाही. नवरा वारला. हिच्या बोटांचे सांधे धरले, वल्हं पेलेना. तेव्हा लेकीनेच ते उचललं, बघून बघून जेवढं आलं तेवढ्यावर. काळ्या खडकापाशी तिची नाव गिरकी घ्यायची आणि काठावर म्हाताऱ्या झालेल्या नावाडिणीचा जीव टांगणीला लागायचा.

लेकीचं लग्न झालं, जावई घाटावरच राहायला आला. त्यांना मुलगा झाला. तो पावलं टाकायला लागला त्या वर्षी दसऱ्यानंतर मोठी नाव आली. नावेवर आता तांडेलीण होती ती जुनी शेजारीण. केस पिकलेले, दंड मात्र अजून घट्ट. तिने लेकीला विचारलं, "येतेस का गं यंदा?"

लेकीचा चेहरा उजळला. म्हातारीने तो नीट पाहिला. मीठवाल्याशी बोलताना तिचा स्वतःचा चेहरा असाच होत असणार. पण क्षणभरच. मग लेकीने मान हलवली.

म्हातारीने परोपरीने सांगून पाहिलं. मी बघते ना नातवाला, जावई आहे, पंधरा दिवस काय, असे निघून जातील. तू गेलीस तर या घाटावर पुन्हा चार माणसं शिकतील. जा गं बाई.

लेक म्हणाली, "मी रडले तेव्हा तू थांबलीस, आई. माझ्यापायी तू सगळं सोडलंस. आता मी माझं लेकरू ठेवून कुठल्या तोंडाने जाऊ?"

खरं काय ते म्हातारीच्या जिभेवर आलं. पण घाटावर अख्खं गाव जमलं होतं. आई असावी तर अशी, असं म्हणणाऱ्या सगळ्याजणी तिथे उभ्या होत्या. जन्मभरात तिच्या गाठीला तेवढं एक कौतुक राहिलं होतं. ते सगळ्यांसमोर कसं उधळायचं? शेजारीण वल्हं धरून थांबली होती, चांगली थांबली होती. म्हातारी खाली बघत राहिली. शेवटी नाव निघाली आणि वळणाआड दिसेनाशी झाली. लोक घरोघर गेले.

मग म्हातारी म्हणाली, "तू रडली नव्हतीस."

लेकीला काही कळेना.

"तू वाळूत खेळत होतीस. मला हात केलास, हसलीस. तुझं काही अडलं नव्हतं पोरी. मलाच ते सोसलं नाही."

लेक संतापली नाही. संतापली असती तर म्हातारीला बरं वाटलं असतं.

"दर वर्षी ती नाव आली की मी घरात लपून बसायचे," लेक म्हणाली. "मला बघून तुला वाईट वाटेल म्हणून. हे सांगायला तू नाव जाईपर्यंत थांबलीस, आई?"

म्हातारीने नातवाला घ्यायला हात पुढे केले. तेवढ्यात पलीकडच्या काठावरून कुणीतरी हाक मारली. लेकीने मुलाला कडेवर उचललं आणि त्याला घेऊनच ती नावेकडे गेली. म्हातारी रिकाम्या हातांनी घाटावर बसून राहिली आणि मनातल्या मनात रडली.

पुढल्या दसऱ्याला लेक गेली, असं सांगतात. समुद्र बघून आली आणि घाटावरच्या पोरींना शिकवू लागली. ती निघाली तेव्हा मुलगा भोकाड पसरून रडला, बापाने त्याला खांद्यावर घेतलं आणि थोड्या वेळाने तो गप्प झाला. आजीच्या मांडीवर बसणं मात्र त्याच्या नशिबी नव्हतं. त्याची आजी त्याआधीच्या पावसाळ्यातच वारली होती.

तात्पर्य: लेकरासाठी थांबावं लागलं तर खुशाल थांबावं, निघावंसं वाटलं तर घर घरच्या माणसांवर सोपवून निघावं. मात्र आपल्या मनाच्या दुबळेपणाला लेकराचं नाव देऊ नये. आपलं राहून जातं ते जातंच, वर लेकरालाही ते जन्मभर वाहावं लागतं.