भागी गुरवीण आणि शेवटची दिवली

फार वर्षांमागची गोष्ट. तेव्हा आपल्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळावर, श्रावणात दिवली इतकी फुलायची की गुरांना पाय ठेवायला जागा नसायची, असं म्हणतात. इवल्या कंदिलासारखं फूल, दुसरीकडे कुठे मिळायचं नाही. म्हणून सातेरीआईला कौल लावायचा तो दिवलीचाच. देवीच्या कपाळावर मधोमध एक फूल चिकटवायचं. उजवीकडे पडलं तर 'राहा', 'कर'. डावीकडे पडलं तर 'नको'.

मग काय, ज्याला त्याला कौल हवा. म्हैस हरवली, लावा कौल. सून रुसली, लावा कौल. फूलच खुडलं तर बी कुठून धरणार, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. भक्ती उतू चालली आणि सडा रिकामा झाला.

त्यातच एका वर्षी गुरांवर रोग आला. गोठे ओस पडू लागले. गावात राहायचं की गाव सोडायचं, हे देवीलाच विचारायचं ठरलं. आणि सड्यावर दिवली उरली होती एकच.

कौल लावायचा मान भागी गुरविणीचा. केस कापसासारखे पांढरे, जीभ मात्र तिखट. ती सड्यावर गेली ती त्या फुलाशेजारी बसूनच राहिली. शेवटी गावाचे मानकरी रवळोजी तिला आणायला वर चढले.

"गो भागये, फूल घेवन चल. गाव खोळंबलो हा."

"सडो देवीचो. तिच्याच परड्यातला फूल तोडून तिकाच देतास? मी खुडूचय नाय. देवीक हयसर घेवन येवा."

रवळोजी चिडले, पण तिच्यावाचून कौल लागेना. झक मारत पालखी चढाला लागली. दिवलीपाशी येताच ती अशी जड झाली की भोयांनी तिथेच टेकवली. वाऱ्याचं नाव नव्हतं. भागीने हात जोडले. "आये, ह्या गावात रवाचा काय सोडून जावचा?" आणि ते फूल देठावरच उजवीकडे वळलं, असं म्हणतात. गाव राहिलं. म्हणून तर आपण इथे बसलोय.

शेंग पिकेपर्यंत भागी तिथून हलली नाही. एका सकाळी शेंग उकलली, पांढऱ्या झुपक्यांचं बी वाऱ्यावर गेलं, आणि त्यानंतर भागी कुणाला दिसली नाही. फार गोड बाई हो, तिखट असली तरी.

आजही आपल्याकडे दिवली कुणी खुडत नाही. श्रावणात पालखीच सड्यावर जाते. आणि पुढे बी उडायला लागलं की पोरं ते मुठीत धरत नाहीत. हातावर येऊन बसलं तर हळूच फुंकर घालतात नि म्हणतात, "जा गो भागये, रुज खंय तरी."