सरकारांची काच आणि कासाराची गाडी

कळंबगडच्या सरकारांना आपल्या जुन्या मोटारीचे सुटे भाग व्याह्यांकडे निळेवाडीला पाठवायचे होते, आणि ते काही केल्या धड पोचत नव्हते. व्याह्यांची मोटार नेमकी त्याच जातीची, आणि ती दगडावर आदळून निकामी झाली होती. सरकार तोऱ्यात सांगून बसले की आमची जुनी पडूनच आहे, हवं ते धाडून देतो. सांगायला काय जातंय! बॉनेट, चार मडगार्ड, दोन दारं, समोरची मोठी काच, परातीएवढे दोन दिवे, शिवाय दोन चाकांचा अख्खा मागचा आस, धक्का झेलणाऱ्या कमानींसकट.

दिवाणांनी तीन गाड्या जुंपल्या, नव्या पेट्या करवल्या, तळाला राजवाड्यातल्या मऊ मऊ गाद्या घातल्या. घाटाच्या पहिल्याच वळणावर काचेचा चुरा झाला. कोठीत जादा काच होती म्हणून दिवाणांची पगडी वाचली.

सरकार एकदा हट्टाला पेटले की ब्रह्मदेवाचंही ऐकत नसत. त्यांनी हुकूम सोडला, की आता पेटी नाही, गादी नाही, खजिन्यातून दमडी नाही. एकच गाडी, एकच खेप. आणि काही फुटलं तर गाडी-बैल सरकारजमा!

ही गाडी कुणाची? त्या दिवशी बाजार होता आणि चौकात सगळ्यांत पुढे उभी होती नेमाण्णा कासाराची. शिपायांनी तीच वेठीला धरली. वेठ म्हणजे फुकटचं काम, आणि नाही म्हणायची सोय नाही. नेमाण्णा गावोगाव बांगड्या विकून पोट भरायचा. बैल गेले की धंदा गेला. तो डोक्याला हात लावून जुवावरच बसला.

त्याची लेक अक्काताई मात्र सामानाभोवती दोन फेऱ्या मारून आली. पोरगी तोंडाची फटकळ, पण हाताला भारी सफाई.

"अप्पा, उठा. जन्मभर काचंचाच धंदा केलाय की आपण," ती म्हणाली आणि तडक सरकारांपुढे जाऊन उभी राहिली. वेठीच्या बैलांना पाच दिवसांची वैरण द्यायची संस्थानची जुनी रीत होती, ती तिने मागितली. फक्त कडब्याऐवजी भाताचा पेंढा द्यावा, एवढंच म्हणणं. रीत मोडता येईना. सरकारांनी मान हलवली.

सकाळी सरकार बघायला आले तर काय, मोटारीचा आस आपल्या दोन चाकांवर उभा, वासे लावून बैलगाडीच्या मागे बांधलेला. त्यावर दारं आडवी टाकलेली, आणि दारांवर पेंढ्याने जखडलेला काचेचा नि दिव्यांचा भारा. बॉनेट आणि एकात एक बसवलेली मडगार्डं पुढच्या गाडीत.

"मी एकच गाडी म्हटलं होतं," सरकार गरजले. "या दोन झाल्या."

"गाडी एकच हाय, सरकार. मागचं ते सामान हाय. ते आपल्या पायांनी चाललंय, त्याला आमी कसं अडवावं?"

दिवाणांना हसू फुटलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. सरकार मिशीवर ताव देत म्हणाले की मी स्वतः घोड्यावरून मागे येतो, बघू पुढे काय होतंय.

आणि ते खरंच आले. घाट आला, ते वळणही आलं. पुढची गाडी खडखडा हलली, पण मागे बांधलेली काच मोटारीच्याच कमानींवर नि रबरी चाकांवर अलगद झुलत गेली. सरकार घोडा जवळ घेऊन कान लावून ऐकत राहिले. भाऱ्यातून हूं की चूं नाही. नेमाण्णा मात्र प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटत होता.

दुसऱ्या दिवशी निळेवाडीच्या राजवाड्यापुढे सामान सुटलं. व्याही, विहीणबाई, सगळे जमले. पेंढा बाजूला झाला आणि काच निघाली, उभी, सलग, लख्ख. मडगार्डांना ओरखडा नाही. दिवेही धड. पण दिव्यांच्या पोटातून, बॉनेटच्या पोकळीतून आणि मडगार्डांच्या बाकातून दोऱ्यात ओवलेले, पेंढ्यात आवळलेले जुडगेच्या जुडगे बाहेर यायला लागले. हिरव्या बांगड्या, लाल बांगड्या, बिलवरं!

सरकारांचे डोळे विस्फारले. "माझ्या मोटारीत भरून तू स्वतःची खेप आणलीस? कुणाच्या परवानगीने?"

नेमाण्णा बैलांना जाऊन बिलगला. अक्काताईने हात जोडले, पण मान खाली घातली नाही.

"सरकार, गाडी आमची, बैल आमचं. आन् बांगड्या न्हाई भरल्या, पोकळी भरली."

"म्हणजे?"

"तुमच्या माणसांनी गादी घातली, पेटी मोठी केली. काचंला आत नाचाया मिळालं. सरकार, फुटायला जागा लागती. आमी जागाच ठेवली न्हाई."

मग सरकार असे हसायला लागले की घोडा बिचकून दोन पावलं मागे सरला. व्याहीही पोट धरून हसले. विहीणबाईंनी तर तिथेच बसकण मारून हात पुढे केला, आणि राजवाड्यातल्या यच्चयावत बायका त्यांच्यामागे रांगेला लागल्या. तासाभरात एक बांगडी शिल्लक राहिली नाही.

सरकारांनी अक्काताईला काय हवं ते माग म्हटलं. तिने सोनं मागितलं नाही. बाजारादिवशी कुणाचीही गाडी वेठीला धरू नये, एवढा कागद मागितला. सरकारांनी तिथेच दौत आणवली, शिक्का मारला आणि दिवाणांना सांगितलं, "इथून पुढे आपलं सामान ही पोरगी बांधेल. आणि तिला भाडं द्यायचं, रोख!"