त्र्यंबकशेट 'बैस' म्हणाले

धुळोलीच्या माळावर खंडोबाचं जुनं देऊळ आहे. एका वर्षी सहजनाथ महाराज चातुर्मासासाठी तिथे उतरले होते. एक काळं घोंगडं, एवढाच त्यांचा संसार, आणि ते घोंगडंही यमाजी सनगराने भक्तीने विणून दिलेलं.

यमाजीचा हात मोठा गुणी. पण दोन वर्षं मेंढरांवर रोग आला, लोकर मिळेना, आणि त्याला राहतं घर त्र्यंबकशेटकडे गहाण टाकावं लागलं. मुदत दसऱ्यापर्यंत, नाहीतर घर शेटचं. सनगराचा माग म्हणजे घरातल्या जमिनीत खणलेला खड्डा. त्यात पाय सोडून विणायचं. खड्डा काही डोक्यावर घेऊन दुसरीकडे जाता येत नाही! घराबरोबर पोटही जाणार होतं.

शेटची गाठ पडू नये म्हणून यमाजी बाभळीतल्या आडवाटेने देवळात येई. एक दिवस महाराजांनी त्याच्या टाचेतला काटा पाहिला आणि सगळी हकिगत काढून घेतली. ते म्हणाले, "यमाजी, तोंड चुकवून घर सुटत नाही. सरळ रस्त्याने शेटकडे जा. जमेल तेवढंच कबूल कर, पण मुदतीच्या आधी सांग."

यमाजी गेला. शेट ओट्यावर तक्क्याला टेकून बसले होते. उन्हात उभ्या माणसाला त्यांनी 'बैस' म्हटलं नाही. दर बाजारी थोडं थोडं फेडतो, हे त्याचं म्हणणं पुरतं ऐकलंही नाही. "तुझ्या महाराजांनाच जामीन राहायला सांग," ते हसून म्हणाले. "त्या घोंगड्याशिवाय आहे काय त्यांच्याकडे?" ओट्यावरची मंडळीही हसली. शेटची सुपारी तोंडात असल्यावर हसावंच लागतं.

यमाजी रडवेला होऊन परतला. महाराजांनी एवढंच विचारलं, "बैस म्हणाले का?"

"नाही, महाराज."

"मग बोलणं अजून झालंच नाही."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच शेट कुलूप घेऊन हजर झाले. यमाजीची बायको भागू अंगणात भांडी मांडून डोळे पुसत होती. ताबा घ्यायला शेट आत शिरले, आणि काय सांगावं! वारा नाही, कडी नाही, दार आपसूक मिटलं. चार गडी लागले तरी हलेना. उन्हातून आलेल्या शेटना आत काही दिसेना. चाचपडत निघाले ते थेट मागाच्या खड्ड्यात, कमरेइतके अडकले!

महाराज येऊन उंबऱ्याशी बसले. "घर तुमचंच झालं ना, शेट? मग बाहेर यायची घाई कसली?"

शेटचा आवाज रडका झाला. यमाजीला ते ऐकवेना. माग उजेडासाठी झरोक्याखालीच असतो. यमाजी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेरून झरोक्याशी गेला आणि टाचा उंचावून हात आत घातला. "शेटजी, भिऊ नका. दार उघडेपर्यंत मी इथून हलत नाही," तो म्हणाला.

दुपार कलली. यमाजी डोक्यावर ऊन घेत तसाच उभा होता. शेटना आपला ओटा आठवला असावा. किती वेळाने आतून हळू शब्द आले, "यमाजी, किती उभा राहशील बाबा? बैस. त्या दिवशी काय म्हणत होतास, ते सांग मला."

आणि दार उघडलं!

महाराज खड्ड्याच्या काठाशी गेले. शेट हात जोडून म्हणाले, "चुकलो, महाराज. घर यमाजीचंच राहील. दर बाजारी जमेल ते त्याने द्यावं. एखादा बाजार रिकामा गेला तर येऊन सांगावं, आडवाटेने जाऊ नये." यमाजीने मान डोलावली. भागूने भांडी आत आणायला सुरुवातही केली होती.

महाराज हसले. त्यांनी हात देऊन शेटना वर काढलं आणि खांद्यावरचं घोंगडं अंथरलं. "हा माझा जामीन. बसा, शेट."

शेट बसले नाहीत. त्यांनी यमाजीला हाताला धरून त्या घोंगड्यावर बसवलं, आणि मग महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं.