कासाराने राखलेला हात

एका डोंगरातल्या गावात एक कासार राहत होता. त्याचा हात इतका हलका, की बांगडी भरताना लेकराला कळतही नसे. त्या हातावर त्याचा फार जीव.

दरवर्षी गावात लस टोचणाऱ्या बाई येत. पूर्वी घरोघर निघणारा गोवर त्यांच्यामुळे नावालाही उरला नव्हता. ज्यांची लस राहिलेली, ते सगळे लेकरांना घेऊन रांगेत बसत. कासार तेवढा पारावरून गंमत बघे.

"दादा, तुम्हाला अजून गोवर झालेला नाही. टोचून घ्या," बाई म्हणाल्या. "लशीने शरीर रोगाला ओळखायला शिकतं. मग तो आला तरी त्याला थारा देत नाही."

"दोन दिवस दंड दुखला तर बांगड्या कोण भरणार? आणि अख्ख्या गावानं घेतलीय की. माझ्या एकट्यावाचून काय अडलंय?"

"तान्ह्यांना ही लस नऊ महिन्यांची होईस्तोवर देत नाहीत, दादा. तोवर त्यांच्याभोवती कुंपण आपलंच."

कासार हसला. दीडशहाणाच तो! बांगड्या भरता भरता हीच अक्कल त्याने घरोघर वाटली, आणि लोकांना ती पटलीही. पुढच्या वर्षी रांग निम्मी झाली. त्याच्या पुढच्या वर्षी बाई दिवसभर एकट्या बसून परत गेल्या.

मग एकदा बाजाराहून कासार ताप आणि सर्दी घेऊन आला. डोळे लाल झाले होते. पण दुसऱ्याच दिवशी त्याच्या सहा महिन्यांच्या नातीचं उष्टावण होतं. तिला मांडीवर घेऊन त्याने काळ्या बांगड्या भरल्या.

"बाबा, हात तापलाय तुमचा," लेक म्हणाली.

"उन्हातून आलोय गं."

दोन दिवसांनी त्याच्या अंगावर पुरळ उठलं, आणि महिनाभरात, लस चुकलेल्या लेकरांच्या घरोघर गोवर निघाला. कासार बरा झाला. बाकीचेही बरे झाले. नात गेली. तिची लस तीन महिन्यांवर होती.

गाव शहाणं झालं खरं, पण ठेच जिला लागली तिला अजून चालताही येत नव्हतं.

बाई पुन्हा आल्या, तेव्हा रांगेत सगळ्यांच्या पुढे कासार होता, बाही वर सारून. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि सुई खाली ठेवली.

"दादा, तुम्हाला आता गरज नाही. गोवर होऊन गेलाय तुम्हाला."

तो उठला नाही. "टोचा हो," म्हणत राहिला. "टोचा." त्याच्या मुठीत लेकीने परत दिलेल्या दोन काळ्या बांगड्या होत्या.

तात्पर्य: आपल्या दंडावरची सुई कधी कधी दुसऱ्याच्या लेकरासाठी असते. वेळ गेल्यावर पुढे केलेला हात कुणाच्याच कामी येत नाही.