विसंबायचं कुणावर

"तर मग विसंबू कुणावर, माय?"

हणमंता पाथरवटाने हे विचारलं तेव्हा त्याच्या आवाजात रागही उरला नव्हता. नदीकाठच्या मठाच्या ओट्यावर तो भिंतीला टेकून बसला होता. खांद्यावर तान्हा पोरगा निजलेला, मांडीला थोरली ठकी बिलगलेली. तान्ह्याच्या कपाळावर हळद भरलेली चिंधी बांधली होती.

समोर गोदामाय तांदूळ निवडत होती. पंचक्रोशी त्या म्हातारीच्या शब्दाला मान द्यायची. तिने वर पाहिलं नाही.

मग त्यानेच सांगायला सुरुवात केली. बाळंतपणात बायको गेली, तेव्हापासून त्याने पोरं कुणाच्या दारी सोडली नव्हती. तान्ह्याला पाठीशी बांधून खाणीवर जायचं, ठकीला लिंबाखाली बसवायचं, दिवसभर दगड फोडायचा आणि घरी येऊन भाकरी थापायच्या. बाप्या माणूस असून हे करतो म्हणून वस्ती तोंडात बोट घालायची. त्यालाही ते बरं वाटायचं.

आज घण उचलता उचलता त्याचा डोळा लागला. उभ्या उभ्याच. घाव तिरका बसला, दगडाची कपची उडाली आणि खांद्यावरून डोकावणाऱ्या पोराच्या कपाळात शिरली. डोळा थोडक्यात वाचला.

सांभाळते म्हणणारं कुणी नव्हतं असं नाही. मेहुणी येऊन गेली होती, पण ती तापट. कुंभाराची म्हातारी मायाळू, पण सदा खोकणारी. शेजारची चांदबी तर रोज विचारायची, पण ती बोलायला बसली की चुलीवरचं दूध विसरते. हणमंताने सगळ्यांना पारखलं होतं आणि सगळ्यांना परत पाठवलं होतं.

"तुम्हीच ठेवून घ्या, माय," तो म्हणाला. "तुमच्यात खोट नाही."

गोदामायने सूप बाजूला सारलं आणि दोन्ही हात पुढे केले.

हात लटलटत होते. वयाने.

हणमंताने पोराला आणखी घट्ट धरलं.

"निघाली ना माझ्यातही?" माय म्हणाली. ती हसली नाही. "आणि हे कपाळ कुणी फोडलं?"

"मी."

"तरी तुझ्याच खांद्यावर निजलंय."

हणमंताला फक्त झोप हवी होती, आणि झोपेचीच आता भीती वाटत होती.

तेवढ्यात चांदबी आली. खाणीवरची बातमी वस्तीत पोचली होती. कडेवर तिचं धाकटं होतं, चालून चालून दम लागला होता. काय झालं, कसं झालं, तिने काहीच विचारलं नाही. जेवलात का, एवढंच विचारलं. त्याने नाही म्हणून मान हलवली.

तिने आपलं पोर ओट्याखाली उतरवलं आणि हात पुढे केले.

"द्या इकडं, हणमंतभाऊ. जरा पडा."

हणमंता त्या हातांकडे बघत राहिला…

मग त्याने खांद्यावरचं पोर अलगद सोडवलं आणि तिच्या हाती दिलं. पोर जरासं कुरकुरलं, तिच्या मानेत तोंड खुपसून पुन्हा निजलं.

हणमंताचे हात तसेच वाकलेले राहिले, जणू अजून काही धरलंय. खांदा किती दुखतोय हे त्याला आत्ता कळलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्याने पुसलं नाही.

खाली चांदबीच्या धाकट्याने आईचं लुगडं ओढलं, हात वर केले आणि ते मुसमुसायला लागलं.

"आता मी काय करू, माय?" हणमंताने विचारलं.

गोदामायने सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"तिचं खाली रडतंय," ती म्हणाली. "त्याला कोण उचलणार?"