झुंबर आणि उघड्या डोक्यांची अट

ओढ्याकाठच्या एका ठेंगण्याशा खोपटात झुंबर नावाची नऊ वर्षांची मुलगी राहत होती. तिच्या फ्रॉकला इतकी ठिगळं होती, की मूळचा फ्रॉक कुठल्या रंगाचा हे तिच्या आईलाही आठवत नव्हतं. एक ठिगळ पोपटी, एक जांभळं, एक हळदीसारखं पिवळंधमक. झुंबरला मात्र तो फ्रॉक फार आवडे. तो घातला की आपण फुलपाखरू होतो, असं ती म्हणे. उन्हाळ्यात रस्ता तापला, की या अनवाणी फुलपाखराला सावली शोधत टुणटुण उड्या मारत जावं लागे.

झुंबरच्या घरी केसांचा धंदा होता. वेणी घालताना बायकांचे जे केस कंगव्यात अडकतात, त्यांचा इवलासा गोळा करून त्या कोनाड्यात ठेवतात. त्याला म्हणतात गुंतवळ. झुंबर आणि तिचा मोठा भाऊ हिरामण दारोदार जाऊन ते गुंतवळ घेत आणि बदल्यात सुया, पिना, रंगीत फुगे देत. आई घरी बसून केस न् केस सोडवी आणि त्यांची गंगावनं वळी, म्हणजे आखूड वेणीला जोडायच्या लांबसडक खोट्या वेण्या.

हिरामण बावीस वर्षांचा होता. त्याचा आवाज खणखणीत. त्यानं गल्लीच्या तोंडाशी "गुंतवळ द्या, सुया घ्याऽऽ" म्हटलं, की पाळण्यातली बाळंसुद्धा मान वळवून बघत.

मग एका वर्षी हिरामणचे केस गळायला लागले. आधी कपाळाच्या दोन्ही बाजूंचे गेले, मग टाळूवरचे विरळ झाले. एक दिवस पारावरचा एक जण म्हणाला, "काय रं हिरामण, केस गोळा करणारा तू, आता वाटत सुटलास व्हय?" सगळे खो-खो हसले. हिरामणही थोडासा हसला, घरी आला, आणि डोक्याला पंचा गुंडाळून जो आत बसला तो बसलाच.

त्यानं उपाय का थोडे केले! कुणी कांद्याचा रस सांगितला, तर घरभर कांद्याचा वास. कुणी कोरफड सांगितली, तर उशी चिकट. शेवटी बाजारातल्या एका फिरत्या विक्रेत्यानं लाल बाटली दिली आणि आठ दिवसांत डोकं भरेल म्हणाला. डोकं भरलं खरं, पण फोडांनी.

"आई, येत्या रविवारी मी गाव सोडतो," एका दुपारी हिरामण म्हणाला. "जिथं मला कुणी वळखत न्हाई, तिथं जातो."

आईनं डोळ्यांना पदर लावला. झुंबर रडली नाही. तिला वाटलं, अजून काहीतरी करता येईल. कारण तिच्याजवळ एक बिस्किटाचा डबा होता. रोज सकाळी दादाच्या उशीवरचे केस ती हळूच वेचून त्या डब्यात ठेवत होती. सगळ्या गावाचे गळलेले केस परत कामाला येतात, मग दादाचेच का येणार नाहीत? कुणीतरी हुशार माणूस भेटला, की तो हे परत लावून देईल, अशी तिची पक्की समजूत होती.

आणि तिच्याजवळ एक गुपितही होतं. गावातली तीन तरणीताठी मुलं तिला एकेकटं गाठून कागदाची पुडी देत. पुडीत त्यांचेच गळलेले केस. उशीवर आईला दिसायला नकोत म्हणून! प्रत्येक जण म्हणे, "कुणाला बोलू नको हं." झुंबर गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेई आणि बदल्यात एक फुगा देई. फुगा घेऊन करायचं काय, हे त्या बिचाऱ्यांना कळत नसे. त्यांची नावं? झुंबरनं ती दादालासुद्धा सांगितली नाहीत, मग मी तरी इतक्यात कशी सांगू?

शनिवारी सकाळी फेरीवरून परतताना ती कण्हेरीच्या कुंपणाच्या जुन्या बागेपाशी आली. त्या बागेचा माळी कधीच गेला होता, पण फुलांना ते कुणी कळवलंच नव्हतं. लालभडक जास्वंद, केशरी झेंडू, निळी निळी गोकर्ण, सगळी मनाला येईल तशी फुलली होती. तेवढ्यात बोरीच्या झुडपातून बारीकसा आवाज आला. पैंजणातली एकच घुंगरी हुंदके देत असावी तसा.

झुंबर वाकून बघते तर काय! वीतभर उंचीची एक परी. पंख मोरपंखी, झगा चांदण्याचा, आणि केस? केस तिच्याहून चौपट लांब, सोन्यासारखे लखलखते, आणि सगळेच्या सगळे बोरीच्या काट्यांत गुंतलेले.

"ओढू नकोस गं, फार दुखतंय," परी कळवळून म्हणाली.

"ओढायचं नसतंच मुळी," झुंबर म्हणाली. "टोकाकडनं सुरू करायचं असतंय. तू फकस्त हलू नको."

ती मांडी घालून बसली. बोटांना काटे टोचत होते, उन्हानं पाठ भाजत होती. एक केस, दुसरा केस, तिसरा केस. सगळा गुंता सुटला तेव्हा तीनच केस तुटून काट्यावर राहिले होते. सोन्याचे तीन केस! आईच्या गंगावनात एक जरी घातला असता, तरी राणीनं ते विकत घेतलं असतं. झुंबरनं ते अलगद काढले आणि परीच्या तळहातावर ठेवले. "हे तुझं."

परीनं तिच्याकडे नीट पाहिलं. "ठेवून घ्यावेसे नाही वाटले?"

"वाटलं. पण तू दिलं कुठं व्हतंस?"

परी हसली आणि गोकर्णीच्या वेलावर निळ्या चांदण्या उमटल्या. "माग. एक इच्छा माग. पण आमच्या इच्छांना अटी असतात हं."

झुंबर धावत घरी गेली आणि बिस्किटाचा डबा घेऊन आली. "हे माझ्या दादाचं केस हाईत. परत लावून दे त्याला!"

परीनं डब्यात डोकावून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "झुंबर, गळलेला केस परत लागत नाही. मलाही येत नाही ते. माझेसुद्धा रोज गळतात की." झुंबरचा चेहरा एवढासा झाला. डबा भरायला तिला वर्ष लागलं होतं.

"मग नवीन दे."

"तेही तुझ्या मागण्यानं नाही देता यायचं. पहिली अट अशी, की ज्याचं डोकं त्यानंच मागायचं. दुसरी अट, उजेडात आणि उघड्या डोक्यानं यायचं. आणि मी खरं तेच सांगेन, ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं. ही तिसरी."

झुंबरनं विचार केला. दादासारखे आणखी तिघं आहेत, हे तिला एकटीलाच ठाऊक होतं. "मग माझी इच्छा अशी," ती म्हणाली, "की उद्या सकाळी तू हितं ये. आणि जे येतील त्या समद्यांशी बोल."

"तुला स्वतःला काही नको?"

"दादा ऱ्हायला पायजे," झुंबर म्हणाली, आणि आता मात्र तिला रडू आलं.

त्याच दिवशी ती तिघांकडे जाऊन आली. "परी येणार हाय. पण टोपी काढावी लागंल." प्रत्येकानं विचारलं, "अजून कोण हाय?" आणि प्रत्येकाला तिनं तेच उत्तर दिलं. "तुमचं नाव मी कुणाला सांगते का? मग दुसऱ्याचं तुम्हाला कसं सांगू?"

दादाला सांगितलं, तेव्हा तो गाठोडं बांधत होता. "परी-बिरी काय नसतंय, झुंबर," तो म्हणाला. "माझं ठरलंय."

रविवारी सकाळी बाग नुसती झळाळत होती. झुंबर झेंडूंमध्ये उभी राहिली. आधी आले पैलवान सर्जेराव, भला मोठा फेटा बांधून. मग आला मनोहर शिंपी. त्यानं कानापर्यंत येणारी टोपी स्वतःच शिवली होती. शेवटी आला विड्याची पानं विकणाऱ्या तांबोळ्यांचा रमजान, भर उन्हाळ्यात माकडटोपी घालून! तिघांनी एकमेकांना पाहिलं आणि तिघंही चपापले.

"तुम्ही हितं कसं?" मनोहरनं विचारलं.

"फुलं बघाय आलतो," सर्जेराव म्हणाले. जन्मात त्यांनी फुलाकडे पाहिलं नव्हतं.

"म्या बी," रमजान घाम पुसत म्हणाला.

बराच वेळ गेला. परी काही येईना. येणार कशी? डोकी झाकलेलीच होती. "कुणीतरी काढा की," झुंबर काकुळतीला आली, पण कुणाचा हात वर जाईना. पहिल्यानं कुणी काढायचं? मग तिघांनाही राग आला. भित्र्या माणसाला लवकर येतो तो.

"पोरी, तू आमचं नाव फोडलंस," सर्जेराव गरजले. "मुद्दाम गोळा केलंस आमाला. हसं कराय!"

"खोटी शपथ घेतलीस!" मनोहर म्हणाला.

"न्हाई! गळ्याची शपथ, कुणालाच न्हाई सांगितलं!" झुंबर हुंदके देऊ लागली.

कण्हेरीच्या कुंपणापलीकडे कुणीतरी थांबलं होतं. खांद्यावर गाठोडं घेऊन हिरामण गावाबाहेर निघाला होता, आणि वाट बागेवरूनच जात होती. त्यानं सगळं ऐकलं. आतले तिघं कशासाठी आलेत ते त्याला कळलं, आणि त्याहून मोठं असं आणखी एक कळलं. वर्षभर तो भिंतीकडे तोंड करून बसला होता, अख्ख्या गावात आपल्यालाच हे झालंय असं म्हणत. एवढीशी झुंबर शेजारी बसून ऐकत होती. तिच्या एका शब्दानं त्याला किती बरं वाटलं असतं! पण शब्द दिला म्हणून ती गप्प राहिली होती.

तो कुंपणातून आत शिरला. "माझ्या बहिणीला खोटारडी म्हणायचं न्हाई," तो म्हणाला. "मी तिचा सख्खा भाऊ. मलासुद्धा तिनं तुमचं नाव सांगितलं न्हाई."

आणि त्यानं पंचा सोडला. भर उजेडात, चार माणसांदेखत.

सर्जेरावांनी मान खाली घातली आणि फेट्याला हात घातला. मग टोपी निघाली, मग माकडटोपी. रमजान म्हणाला, "हुश्श! जीव चालला व्हता."

त्याच क्षणी जास्वंदीच्या सर्वांत उंच फुलातून परी भिरभिरत खाली आली. हिरव्या, निळ्या, सोनेरी ठिणग्या सगळीकडे उडाल्या. पैलवान घाबरून मनोहरच्या मागे लपले. मनोहर होता त्यांच्या निम्म्यानं, तरी.

"विचारा," परी गोड हसली.

मग हिरामणनं वर्षभर मनात ठेवलेला प्रश्न विचारला. "माझं काय चुकलं, परीताई?"

"काही नाही रे," परी त्याच्या खांद्यावर बसली. "कुणाची उंची आजोबांकडून येते, कुणाचं नाक आईकडून. तसंच हे येतं, कधी बापाच्या घरून, कधी आजोळहून. पुष्कळ तरुण मुलांना येतं. डोक्याला काही बांधल्यानं नाही आलं आणि पापानं तर नाहीच नाही." तिनं बोट लावलं आणि लाल बाटलीचे फोड चंदन लावल्यासारखे निवले. "मात्र आठ दिवसांत केस देतो असं म्हणणाऱ्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका."

मग तिनं ओंजळ उघडली. तिच्यात हिरव्या थेंबांची कुपी होती. "हे रोज लावायचे. पाच-सहा महिने काही दिसणार नाही, सुरुवातीला उलट जास्तच गळतील. लावणं सोडलं, की आलेलं पुन्हा जाईल. मुळं जागी आहेत तिथंच हे चालतं, सगळ्यांना सारखं नाही."

"मला चालंल," रमजान म्हणाला. "पानाला रोज पाणी मारतोच की मी."

"पोटात घ्यायची गोळीही असते. पण तिच्या खोड्या असतात, म्हणून वैद्याला डोकं दाखवल्याशिवाय ती मी देत नाही."

"आणि एकदाच काय ते करून टाकायचं असलं तर?" मनोहरनं विचारलं.

"डोक्यामागचे केस मुळासकट काढून पुढं लावतात. पण मागं असतील तेवढेच मिळतात, आणि पुरतं दिसायला वर्ष लागतं."

"म्हणजे शिवणीत दुमडलेलं कापड काढून पुढं जोडायचं," शिंपी विचारात पडला. "कापड आधी मोजाय पायजे."

सर्जेरावांनी डोकं खाजवलं. "आणि समदंच काढून टाकलं तर?"

"तर आजच होईल. वस्तरा पुरे."

"मग तेच! कुस्तीत झिंज्या धरायला तरी काय मिळायचं न्हाई कुणाला."

परी हिरामणकडे वळली. "आणि तू?"

हिरामणनं बहिणीकडे पाहिलं. तिच्या बोटांवर बोरीचे ओरखडे होते. "मला आज काय नको," तो म्हणाला. "इचार करतो. चालंल?"

"चालेल. थेंब लावायचेच असतील तर फार वर्षं थांबू नकोस. आणि लावायचेच नसतील, तर तेही खुशाल. काही न घेणं हेही घेण्यासारखंच आहे."

मग परीनं झुंबरच्या गालाचा पापा घेतला आणि पंख पसरले. उजेड वाढत गेला, गुलाबी, मग सोनेरी, मग शुभ्र. डोळे दिपले. पुन्हा उघडले तेव्हा परी नव्हती. तिचा सोनेरी चुरा तेवढा हळूहळू खाली येत होता आणि चौघांच्या डोक्यांवर बसत होता. जिथं केस कमी, तिथं तो जास्त चमचमत होता, आणि हिरामणची टाळू तर देवळाच्या कळसासारखी झगमगत होती.

झुंबरला फिस्सकन हसू आलं. लगेच तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. घाबरून ती दादाकडे बघू लागली.

"चमकतंय व्हय गं?" हिरामणनं विचारलं.

झुंबरनं मान हलवली. "लई."

हिरामणनं टाळूवरून हात फिरवला, बोटांना लागलेलं सोनं पाहिलं, आणि तो हसला. आधी जरासा, मग मोठ्यानं, मग पोट धरून. वर्षभरात तो पहिल्यांदाच असा हसत होता.

"चल घरी," तो म्हणाला, "आईला दाखवू, पुसायच्या आत."